बी-साइड ए-साइडच्या पुढे जायची ती कशी

प्रश्न थोडक्यात असा: सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला (बी-साइडला) टाकलेली कोणती गाणी पुढच्या बाजूच्या (ए-साइडच्या) गाण्यापेक्षा जास्त गाजली, आणि एवढ्या मुरलेल्या रेकॉर्ड कंपन्यांना ते आधी कळलं कसं नाही? दुसऱ्या भागापासून सुरुवात करू, कारण त्याशिवाय पहिल्या भागाची नुसती यादी होते. तशा याद्यांत चुकीची गाणी बिनदिक्कत घुसलेली असतात.

कंपनी ए-साइड ठरवायला बसायची तेव्हा ‘दोन्हींतलं सरस गाणं कोणतं’ हा मुद्दा क्वचितच पुढ्यात असायचा. रेडिओवर कोणतं गाणं कुठेही न अडता वाजेल, हे बघितलं जायचं. तीन मिनिटांच्या आत आटोपणारं, पहिल्या काही सेकंदांत कान पकडणारं, गायकाच्या मागच्या हिट गाण्याशी नातं सांगणारं, आणि स्टेशनवाल्यांच्या भुवया उंचावतील असा शब्द नसलेलं. जे या कसोटीत बसायचं नाही ते मागच्या बाजूला जायचं. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणलेल्या ७ इंची, ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तबकडीला दोन बाजू होत्या, म्हणून दुसरं गाणं द्यावंच लागे. ते बऱ्याचदा ध्वनिमुद्रणाच्या सत्राच्या उरलेल्या वेळात उरकलेलं असे. गाणं लांब असलं, विचित्र असलं, त्याला धृपद नसलं तरी कोणी हरकत घेत नसे. बी-साइडची सगळी ताकद या दुर्लक्षात आहे.

पण दुर्लक्षाने गाणं फक्त वेगळं होतं, हिट होत नाही. हिट होण्यासाठी कंपनीबाहेरच्या कोणाच्या तरी हातात ती तबकडी असावी लागे आणि ती पलटण्याची मुभा त्याला असावी लागे. रेडिओचा डीजे, ज्यूकबॉक्ससमोर (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रासमोर) नाणं घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक, क्लबमधला डीजे. खाली दिलेल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात असा एक हात सापडतो.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बिल हेली अँड हिज कॉमेट्सचं. १२ एप्रिल १९५४, न्यूयॉर्कमधला डेका कंपनीचा पायथियन टेंपल स्टुडिओ, निर्माता मिल्ट गेबलर. बँड फेरीबोटीने येत होता, बोट वाळूत रुतली आणि मंडळी उशिरा पोचली. सत्र तीन तासांचं, आणि गेबलरला हवं होतं ‘थर्टीन विमेन’ हे गाणं: हायड्रोजन बॉम्बनंतर जगात एक पुरुष आणि तेरा बायका उरल्या आहेत असं स्वप्न. सगळा वेळ त्याने खाल्ला. शेवटी घाईघाईत ‘रॉक अराउंड द क्लॉक’चे दोन टेक झाले. पहिल्यात वाद्यांनी हेलीचा आवाज झाकला, म्हणून दुसरा घ्यावा लागला आणि नंतर दोन्हींचा मेळ घालून गाणं पूर्ण केलं गेलं. गिटारवादक डॅनी सेड्रोनला नवा सोलो बांधायला वेळ नव्हता. त्याने १९५२ च्या ‘रॉक द जॉइंट’मध्ये वाजवलेला सोलो तसाच्या तसा वाजवला. आज तो तुकडा रॉकच्या इतिहासातल्या नामवंत सोलोंमध्ये मोजतात.

रेकॉर्ड निघाली, थोडीफार चालली आणि थंडावली. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर हे गाणं वाजलं आणि जुलैमध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकाला पोचलं. म्हणजे इथे पलटणारा हात रेडिओचा नाही, सिनेमाचा. याला ‘डीजेने पलटलेली बी-साइड’ म्हणून सांगतात ते बरोबर नाही. तेरा बायकांचं गाणं मात्र आज केवळ याच किश्श्यापुरतं उरलं आहे.

डीजेने पलटण्याचा शुद्ध नमुना पाहायचा तर मेम्फिसला जावं लागतं. १९६२, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. बुकर टी. जोन्स, वय १७, ऑर्गनवर. स्टीव्ह क्रॉपर गिटारवर. एका गायकाचं सत्र फसलं, वादक नुसतेच वाजवत बसले आणि कंपनीच्या जिम स्टुअर्टने तो संथ ब्लूज ध्वनिमुद्रित केला: ‘बिहेव्ह युवरसेल्फ’. आता मागची बाजू हवी म्हणून ऑर्गनवरची एक छोटी धून पुढे आली, ती ‘ग्रीन अनियन्स’. क्रॉपरने एक प्रत स्थानिक डब्ल्यूएलओके स्टेशनवरच्या रूबेन वॉशिंग्टनकडे नेली. त्याने मागची बाजू वाजवली आणि स्टेशनचे फोन खणखणू लागले.

संग्राहकांसाठी इथे एक पक्की खूण आहे. पहिली आवृत्ती व्होल्ट (स्टॅक्सचंच दुसरं लेबल) १०२ या क्रमांकाची, तीत ‘ग्रीन अनियन्स’ बी-साइड आहे. त्याच वर्षी ती स्टॅक्स १२७ म्हणून पुन्हा काढली, तेव्हा बाजू अदलाबदल झालेल्या आहेत. ज्यांच्या हाती फक्त दुसरी आवृत्ती पडते ते ‘हे तर मुळातच ए-साइड होतं’ म्हणून वाद घालतात. दोन्ही म्हणण्यांना कागदाचा आधार आहे, फक्त तारीख वेगळी.

त्याच काळातली आणखी दोन झटपट. द चॅम्प्सचं ‘टकीला’ १९५८ मध्ये ‘ट्रेन टू नोव्हेअर’च्या मागे होतं. सॅक्सोफोनची धून, तीनदा उच्चारलेला एकच शब्द, आणि मार्चमध्ये पहिला क्रमांक. द ड्रिफ्टर्सचं ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ १९६० मध्ये ‘नोबडी बट मी’च्या मागे होतं. टीव्हीवरच्या डिक क्लार्कने खरं गाणं मागे आहे म्हणून सांगितलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं.

ज्यूकबॉक्सचा वाटा लोक विसरतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी आलेलं सीबर्गचं एम१००ए हे यंत्र ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवू शकत होतं, म्हणजे १०० गाणी. १९५० च्या एम१००बी पासून ४५ च्या तबकड्या आल्या. त्याच्या चिठ्ठीवर वर एक गाणं, खाली दुसरं, मधे गायकाचं नाव असे. दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, दोन्हींना वेगळं बटण. कंपनीने ठरवलेला मानपान तिथेच संपायचा.

आता पैशाची बाजू, कारण बी-साइडवर काय जाईल हे पुष्कळदा तीच ठरवायची. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला २ सेंट रॉयल्टी ठरवली होती, आणि तो दर १९७७ अखेरपर्यंत राहिला. कायदा बाजू बघत नसे. दहा लाख प्रती खपल्या तर मागच्या गाण्याच्या नावावरही पूर्ण दराने २०,००० डॉलर जमा, मग ते कोणी ऐको न ऐको. ही रक्कम गाणं रचणारा आणि प्रकाशक यांच्यात वाटली जाई, आणि कंपन्या घासाघीस करून दर खाली आणत ते वेगळं. त्यामुळे निर्माते आपलीच एखादी किरकोळ रचना मागे चिकटवत. ब्रिटनमध्येही हिशोब याच जातीचा. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मागे क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याचं ‘आय एम इन लव्ह विथ माय कार’ आहे, आणि त्या सिंगलच्या खपावर त्याला फ्रेडी मर्क्युरीच्या बरोबरीने पैसे मिळाले. उलट सॉफ्ट सेलने १९८१ मध्ये ‘टेन्टेड लव्ह’ काढलं तेव्हा मागेही सुप्रीम्सचं जुनंच गाणं घातलं. दोन्ही बाजू दुसऱ्यांच्या, म्हणून रचनेची रॉयल्टी शून्य. स्वतःचं कसलंही गाणं मागे टाकलं असतं तरी चाललं असतं.

पलटण्याचा हा उपद्रव बंद करायचे उपायही निघाले. फिल स्पेक्टरचा उपाय साधा होता: मागे डीजे वाजवूच शकणार नाही असं काहीतरी द्यायचं. १९६३ च्या ‘बी माय बेबी’च्या मागे ‘टेडेस्को अँड पिटमन’ नावाचा वाद्यांचा तुकडा आहे. नाव सत्रातल्या दोन वादकांचं. तो ऐकून पाहा, पलटण्याची इच्छा जागच्या जागी मरते. मात्र १९६५ मध्ये त्याच्याच लेबलवर द रायचस ब्रदर्सचं ‘हंग ऑन यू’ निघालं तेव्हा मागे बॉबी हॅटफिल्डने एकट्याने गायलेलं ‘अनचेन्ड मेलडी’ होतं. गाणं जुनं, १९५५ च्या ‘अनचेन्ड’ चित्रपटातलं. स्टेशनांनी तेच उचललं आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९९० मध्ये ‘घोस्ट’ चित्रपटाने ते पुन्हा वर आणलं.

१९६६ मध्ये नेपोलियन चौदावा या नावाने निघालेल्या एका विनोदी सिंगलने तर कमाल केली. मागच्या बाजूला तेच गाणं उलटं वाजवून छापलं होतं, नावही उलटं. व्यवहारात टिकलेला उपाय याहून रुक्ष होता. साठीच्या दशकाच्या अखेरीस कंपन्या रेडिओला खास प्रचार-प्रती देऊ लागल्या, ज्यांच्या दोन्ही बाजूंना एकच गाणं असे: एकीकडे एएम स्टेशनांसाठी मोनो, दुसरीकडे एफएमसाठी स्टिरिओ. बी-साइड स्टेशनवर पोचतच नाही, तर पलटणार काय?

तरी सत्तरच्या दशकात गाणी निसटत राहिली. रॉड स्टुअर्टचं ‘मॅगी मे’ पाहा. १९७१, पुढे टिम हार्डिनचं ‘रीझन टू बिलीव्ह’, मागे ‘मॅगी मे’. मागे का, हे समजायला कष्ट पडत नाहीत: पाच मिनिटांहून मोठं, धृपद नाही, शेवटी मॅन्डोलिन. ४५ च्या सात इंची बाजूवर तीन-चार मिनिटं आरामात बसतात. त्यापुढे खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते, म्हणून स्टेशनवर शेजारच्या गाण्यांपुढे ती रेकॉर्ड दबलेली वाटते. एवढं सगळं विरोधात असून ऑक्टोबरमध्ये गाणं अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिटिश यादीत सिंगल आधी ‘रीझन टू बिलीव्ह’ या नावाने शिरली आणि मग नाव बदललं गेलं. जाता जाता: अल्बमवर मॅन्डोलिनवादकाचा उल्लेख ‘लिंडिस्फार्न बँडमधला मॅन्डोलिनवाला, नाव आठवत नाही’ अशा अर्थाने केलेला आहे. तो रे जॅक्सन.

डूबी ब्रदर्सचं ‘ब्लॅक वॉटर’ १९७४ मध्ये ‘अनदर पार्क, अनदर संडे’च्या मागे होतं. पुढच्या गाण्यात रेडिओ ऐकून उदास वाटतं अशा अर्थाची ओळ आहे. रेडिओवर वाजवून घ्यायच्या गाण्यात ती ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. पुढे व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या एका स्टेशनने मागचं गाणं लावून धरलं, कंपनीने ते स्वतंत्र काढलं आणि मार्च १९७५ मध्ये ते पहिलं आलं. किसचं ‘बेथ’ १९७६ मध्ये ‘डेट्रॉइट रॉक सिटी’च्या मागे हेतुपुरस्सर टाकलं होतं: हळवं, ड्रमर पीटर क्रिसच्या आवाजातलं, बँडच्या प्रतिमेशी न जुळणारं, म्हणजे स्टेशनवाले पुढचंच वाजवतील असा हिशोब. कॅनडातल्या विंडसरच्या सीकेएलडब्ल्यू स्टेशनच्या संगीत-संचालिका रोझली ट्रॉम्ब्ली यांनी ‘बेथ’ घेतलं आणि ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. इथे हात बदललेला दिसतो. पैसे घेऊन गाणी वाजवल्याबद्दल डीजेंच्या लाचखोरीच्या चौकशा १९६० च्या सुमारास झाल्यावर काय वाजवायचं हे एकट्या डीजेच्या मर्जीवर राहिलं नाही. ते स्टेशनच्या कार्यक्रम आणि संगीत विभागाकडे गेलं.

पलटण्याची मोकळीक मग क्लबमध्ये उरली. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ १९७८ मध्ये ‘सब्स्टिट्यूट’च्या मागे होतं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ मध्ये डीजे रिची कॅझॉरने ते वाजवायला घेतलं, इतर क्लब मागोमाग आले, मग रेडिओ, मग कंपनी. मार्च १९७९ मध्ये पहिला क्रमांक. क्लबचा डीजे प्रतिक्रिया समोरच्या जमिनीवर बघतो. त्याला फोनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून डिस्कोतल्या बी-साइड आठवड्यांत उलटायच्या. याच वाटेवरचं उशिराचं उदाहरण व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’. ‘प्ले दॅट फंकी म्युझिक’च्या मागे टाकलेलं हे गाणं १९९० मध्ये बिलबोर्ड हॉट १०० च्या (बिलबोर्डच्या मुख्य चार्टच्या) शिखरावर पोचणारं पहिलं हिपहॉप गाणं ठरलं. मॅडोनाचं ‘इन्टू द ग्रूव्ह’ त्याहून चमत्कारिक. अमेरिकेत ते १९८५ मध्ये फक्त ‘एंजल’च्या १२ इंची तबकडीच्या मागे होतं, म्हणून हॉट १०० मध्ये त्याला जागाच नव्हती. ब्रिटनमध्ये ए-साइड म्हणून काढलं आणि तिथे ते तिचं पहिलं अव्वल गाणं झालं.

यादीत घालण्याआधी एक गोष्ट तपासावी: गाणं गाजलं की ती रेकॉर्ड गाजली? ‘द ट्विस्ट’ १९५९ मध्ये हँक बॅलर्ड अँड द मिडनाइटर्सची बी-साइड होतं, पण जग नाचलं ते १९६० च्या चबी चेकरच्या आवृत्तीवर. ‘लुई लुई’ १९५७ मध्ये रिचर्ड बेरीने ‘यू आर माय सनशाइन’च्या मागे दिलं (लेबलचं नाव फ्लिप, म्हणजे ‘पलटणं’, हा योगायोग गमतीचा), पण गाजवलं किंग्समेनने १९६३ मध्ये. वर आलेलं ‘टेन्टेड लव्ह’ही १९६५ ची ग्लोरिया जोन्सची बी-साइड. उत्तर इंग्लंडच्या नॉर्दर्न सोल (जुनी अमेरिकन सोल गाणी वाजवणाऱ्या) क्लबांत ते सत्तरीत जिवंत राहिलं नसतं, तर सॉफ्ट सेलपर्यंत पोचलं नसतं. ही सगळी खरी बी-साइड गाणी, पण जगभर गाजल्या त्या दुसऱ्यांच्या आवृत्त्या. ‘टेन्टेड लव्ह’च्या मूळ तबकडीने आपल्या ए-साइडला हरवलं असं म्हणायला क्लबपुरताच आधार आहे.

दुसरा गोंधळ देशांचा. बीच बॉइजचं ‘गॉड ओन्ली नोज’ १९६६ मध्ये अमेरिकेत ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या मागे होतं. पुढचं ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं, मागचं ३९ व्या. ब्रिटनमध्ये ‘गॉड ओन्ली नोज’च ए-साइड होतं आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. रोलिंग स्टोन्सचं ‘रुबी ट्यूझडे’ १९६७ चं. सोबतचं ‘लेट्स स्पेन्ड द नाइट टुगेदर’ शब्दांमुळे अमेरिकेतल्या अनेक स्टेशनांना नको होतं. ते ५५ वर अडकलं आणि ‘रुबी ट्यूझडे’ पहिलं आलं. पण ही दुहेरी ए-साइड, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच मान असलेली सिंगल होती, तिला बी-साइडचा विजय म्हणणं ताणल्यासारखं होईल. ‘कुंग फू फायटिंग’चंही तसंच. १९७४ मध्ये निर्माता बिद्दूने ते बी-साइड म्हणूनच सत्राच्या शेवटच्या काही मिनिटांत उरकलं, पण कंपनीने ऐकून छापण्याआधीच बाजू बदलली. नियोजित बी-साइड, छापील ए-साइड.

चार्टच्या आकड्यांतही एक खड्डा आहे. २९ नोव्हेंबर १९६९ पर्यंत बिलबोर्ड दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजत असे. त्या आठवड्यापासून एका तबकडीची दोन्ही गाणी एकाच क्रमांकावर धरू लागले, आणि बीटल्सचं ‘कम टुगेदर’ व ‘समथिंग’ मिळून पहिलं आलं. म्हणजे त्याआधीच्या सिंगलसाठी बाजूंची सरळ तुलना करता येते. त्यानंतर बिलबोर्डच्या आकड्यावरून कोणी कोणाला हरवलं हे काढायला गेलात, तर फसाल.

एखादा दावा पडताळायचा तर पहिल्या छपाईच्या लेबलचं छायाचित्र शोधा, फेरछपाईचं नाही. ‘गोल्डन हिट्स’ मालिकांत दोन वेगवेगळी हिट गाणी पाठीला पाठ लावून विकली जात. तिथली बी-साइड म्हणजे काहीच नाही. लेबलवरच्या क्रमांकाच्या शेवटी ए किंवा बी आहे का पाहा. नसेल तर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक पाहा, पण त्यातला लहान आकडा म्हणजे ए-साइड असं धरू नका. तो पुष्कळदा नुसता ध्वनिमुद्रणाचा क्रम सांगतो, आणि आधी मुद्रित झालेलं गाणं मागे गेलेलं असू शकतं. प्रचार-प्रत मिळाली तर उत्तमच: ब्रिटिश प्रतींवर बहुधा मोठा ‘ए’ असतो, अमेरिकन प्रतींवर तारा किंवा ‘प्लग साइड’ (वाजवून घ्यायची बाजू) असा शिक्का. कंपनीच्या मनात काय होतं याचा यापेक्षा थेट पुरावा नाही.

शेवटचा प्रकार चार्टमध्ये दिसतच नाही. फ्लीटवुड मॅकचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्स’ ‘रूमर्स’ अल्बमसाठी केलेलं होतं. एलपीची, म्हणजे अल्बमच्या मोठ्या तबकडीची, बाजू सुमारे २२ मिनिटांपुढे गेली की आवाज पडतो, आणि हे गाणं लांब, म्हणून ते काढून ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ घातलं. ते १९७६ च्या अखेरीस ‘गो युवर ओन वे’च्या मागे गेलं. पुढे लिंडसी बकिंगहॅम, मागे स्टीव्ही निक्स: बँडमधल्या या जोडप्याच्या ताटातुटीच्या दोन बाजू एकाच तबकडीवर. त्यानंतर वीस वर्षं ते गाणं प्रामुख्याने त्या सिंगलमालकांकडे आणि त्यांनी करून दिलेल्या कॅसेटांत राहिलं. १९९७ च्या ‘द डान्स’मधल्या प्रत्यक्ष गायनाने ते सगळ्यांचं झालं. द स्मिथ्सचं ‘हाऊ सून इज नाऊ?’ १९८४ मध्ये १२ इंचीवर मागे होतं. पुढच्या वर्षी स्वतंत्र निघूनही ते ब्रिटनमध्ये २४ च्या वर गेलं नाही, आणि तरी बँडचं नाव काढल्यावर पुष्कळांना आधी तेच आठवतं. ओएसिसची ‘ॲक्विएस’ आणि ‘द मास्टरप्लॅन’ १९९५ च्या सीडी सिंगलांवर जादा गाणी म्हणून आली. सीडीला मागची बाजूच नसते. दुसरं, तिसरं गाणं आपोआप सुरू होतं, पलटायला कोणाची गरज नाही, आणि म्हणून पलटल्याची बातमीही नाही. १९९८ मध्ये त्या गाण्यांचा वेगळा अल्बम काढावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बिलबोर्डने सिंगल न निघालेल्या गाण्यांनाही हॉट १०० मध्ये घ्यायला सुरुवात केली, आणि गाण्याला चार्टमध्ये शिरायला तबकडीची कोणतीच बाजू लागेनाशी झाली.